चिकटपणाचे मोजमाप : चिकटपट्टीपासून हिऱ्याच्या टोकापर्यंत

रायपूरच्या उत्तरेस, बिरगावला लागून असलेली उरला ही औद्योगिक वसाहत लोखंड-पोलादासाठी ओळखली जाते. तेथील इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न वितळते ते सिलिकाच्या अस्तरात. गारेच्या भुकटीत थोडे बोरिक आम्ल मिसळून, ठोकून ठोकून बसवलेले हे अस्तर पहिल्या तापणीत मडक्यासारखे भाजून निघते आणि सिरॅमिक बनते. पोलाद ओतून झाल्यावर या भिंतीवर स्लॅगचे पापुद्रे राहतात. ते खरवडताना कधी नुसता पापुद्रा सुटतो, कधी पापुद्र्याबरोबर अस्तराचाही ढलपा येतो. दुसऱ्या प्रकारात नुकसान मोठे. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यातच एक महत्त्वाची माहिती दडलेली असते. सांधा दोन्ही बाजूंच्या पदार्थांपैकी एकापेक्षा बळकट होता, म्हणून तुटले ते दुसरेच काही.

भट्टीत थर चिकटू नये अशी इच्छा असते. दुर्बिणीच्या आरशावरील ॲल्युमिनियम, उपग्रहातील ॲल्युमिना पट्टीवर छापलेले चांदीचे वाहक, कापण्याच्या हत्यारावरील टायटॅनियम नायट्राइड, या सर्व ठिकाणी इच्छा नेमकी उलटी असते. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच : सिरॅमिकच्या पृष्ठभागावर बसलेला पातळ थर किती घट्ट बसला आहे, हे आकड्यात कसे सांगायचे? गेली नव्वद वर्षे हा प्रश्न चांगल्या चांगल्या संशोधकांना चकवत आला आहे. त्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकला जातो. त्याहून अधिक जागा त्याला मिळायला हवी.

आरंभ होतो तो आरशांपासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुर्बिणींच्या काचेच्या आरशांवर रासायनिक क्रियेने चांदी चढवली जात असे. चांदी उजळ असली, तरी हवेतील गंधकाने काळवंडते. काही महिन्यांतच आरसा पुन्हा खरवडून पुन्हा चांदी चढवावी लागे. १९३० नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉन स्ट्रॉंग यांनी निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसवण्याचे तंत्र मोठ्या आरशांपर्यंत नेले. १९३५ साली माउंट विल्सन येथील १०० इंची आरशाला ॲल्युमिनियमचा थर मिळाला. ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर ऑक्साइडचे कवच चढवून घेतो आणि टिकतो. पण टिकण्याआधी तो काचेला धरून राहायला हवा, आणि तेथे स्ट्रॉंग यांच्या ध्यानात आले की सारे यश काचेच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे.

मग स्वच्छता पुरेशी झाली की नाही, हे तपासायचे कसे? स्ट्रॉंग यांनी बाजारातली वस्तू उचलली. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९३० मध्ये सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी तयार केली होती. ती थरावर दाबायची आणि झटक्याने ओढायची. थर पट्टीबरोबर आला तर काच अस्वच्छ. थर जागीच राहिला तर काम फत्ते. काच धुण्यावरील स्ट्रॉंग यांच्या १९३५ च्या लेखापासून या चाचणीचा उगम सांगितला जातो. पालोमार येथील २०० इंची आरशाच्या वेळी तर त्यांनी काच धुण्यासाठी प्रथम केसांना लावायचे ‘वाइल्डरूट’ हे क्रीम-तेल फासले होते. काच नीट स्वच्छ करायची तर ती आधी नीट मळवली पाहिजे, असा त्यांचा उफराटा भासणारा युक्तिवाद होता. उरलेला तेलाचा अंश निर्वातातील विद्युत-विसर्जनाने जाळून टाकता येत असे. वेधशाळेतल्या मंडळींचे चेहरे त्या वेळी कसे झाले असतील, याची कल्पनाच करावी.

चिकटपट्टीची चाचणी आजही जगभर चालते. ती स्वस्त आहे आणि निकाल क्षणात देते. परंतु तिला मोजमाप म्हणणे कठीण आहे. रंगलेपांच्या चाचणीसाठी जी पट्टी वापरतात, तिची पकड २५ मिलिमीटर रुंदीला ६ ते १० न्यूटन असावी, असा संकेत आहे. पट्टी काटकोनात सोलली जाते असे धरून भागाकार केला, तर दर चौरस मीटरला २४० ते ४०० ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. आता धातू आणि ऑक्साइड यांच्या सांध्यातील मूळ बंध तोडायला लागणारी ऊर्जा पाहा : ती चौरस मीटरला साधारण एक ज्यूलच्या आसपास, दुबळ्या सांध्यात त्याच्या दशांश. म्हणजे पट्टी ओढताना जवळपास सगळी ऊर्जा पट्टीवरच्या डिंकाचे तंतू ताणण्यातच जिरते. थराच्या वाट्याला नेमके किती आले, हे त्या झटक्यातून कळत नाही. निघाला की नाही निघाला, एवढेच कळते. ‘थराचे आसंजन उत्तम आढळले’ असे वाक्य एखाद्या प्रबंधात वाचले आणि त्यामागे फक्त चिकटपट्टी असली, तर वाचकाने तेवढ्यापुरताच विश्वास ठेवावा.

आकडा हवा होता, आणि त्यासाठी पहिला गंभीर प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. ऑलिव्हर हेव्हन्स यांनी १९५० मध्ये निर्वातात बसवलेल्या धातूंच्या थरांवर गोलसर टोकाची सुई ओढून पाहिली. सुईवरचे वजन हळूहळू वाढवत न्यायचे. ज्या वजनाला थर साफ निघून खालची काच दिसू लागते, ते क्रांतिक वजन. क्रोमियमचा अगदी पातळ थर आधी दिला तर वरचा ॲल्युमिनियम कितीतरी घट्ट बसतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. घरात ज्याला आपण अस्तर म्हणतो, तेच हे; फक्त काही नॅनोमीटर जाडीचे.

दहा वर्षांनी, १९६० मध्ये, ग्लासगोच्या पी. बेंजामिन आणि सी. वीव्हर यांनी या सुईच्या चाचणीमागे गणित उभे केले. त्यांचा विचार सरळ होता. वजनाखाली सुईचे टोक काचेत किंचित रुतते व उथळ खळगा पडतो. खळग्याच्या कडेपाशी थर ताणला जातो आणि काचेवरून सरकू पाहतो. काचेची कठिनता, टोकाची त्रिज्या आणि वजन, या तीन राशी ठाऊक असल्या की थराच्या बुडाशी लागणारे कर्तन-बल काढता येते. पुढच्याच वर्षी त्यांनी अनेक धातू तपासले, आणि निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून निघाला. ज्या धातूंना ऑक्सिजनची ओढ मोठी, ते काचेला घट्ट धरतात. सोन्यासारखे उदासीन धातू नुसत्या दुबळ्या व्हॅन डर वाल्स आकर्षणावर टेकलेले असतात. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की ॲल्युमिनियमसारख्या थरांची पकड बसवल्यानंतर दिवसागणिक वाढत जाते, कारण सांध्यापाशी ऑक्साइडचा दुवा हळूहळू तयार होत राहतो. सकाळी मोजलेला आकडा आठवड्याने तोच राहील, याची खात्री नाही.

पण हे सुबक गणित दहा वर्षेच निर्वेध टिकले. १९७० मध्ये बटलर, स्टॉडर्ट आणि स्टुअर्ट यांनी ओरखड्यांचे बारकाईने निरीक्षण केले. काही थर काचेपासून सुटतच नव्हते. सुईखाली ते पिठासारखे पसरून पातळ होत होते, आणि प्रकाश आरपार जाऊ लागला म्हणून ‘निघाले’ असे वाटत होते. उलट काही थर आतून आधीच सुटलेले असत आणि वरून अभंग दिसत. क्रांतिक वजन म्हणजे थेट आसंजन, हे समीकरण त्यामुळे मोडले. ओरखड्याची चाचणी टाकून द्यावी इतकी वाईट ठरली नाही. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे प्रत्येकाने वेगळे तपासावे लागेल, एवढे निश्चित झाले.

या गोंधळात शब्दांची शिस्त आणण्याचे मोठे श्रेय भारतात जन्मलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाला जाते. कश्मीरीलाल मित्तल, विज्ञानजगतात के. एल. मित्तल, हे अमेरिकेत आयबीएममध्ये काम करत होते. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फिया येथे पातळ थर, जाड थर व लेप यांच्या आसंजन-मापनावर परिसंवाद भरला; त्यातील निबंधांचा मित्तल यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७८ मध्ये निघाला आणि या विषयातला मैलाचा दगड ठरला. मित्तल यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक मूलभूत आसंजन : आंतरपृष्ठावरील सर्व रेणवीय बंधांची बेरीज. दुसरे व्यावहारिक आसंजन : थर प्रत्यक्ष काढताना लागणारे बल किंवा ऊर्जा. दुसऱ्यात पहिले असते, पण त्यात थरातला अंगभूत ताण, थराची लवचीकता, खालच्या पदार्थाचे दोष आणि चाचणीच्या उपकरणाची तऱ्हा, हेही सगळे मिसळलेले असते. आपण नेहमी दुसरे मोजतो आणि पहिल्याबद्दल बोलतो. ही फारकत सांगायला सोपी वाटते, तरी ती न पाळल्यामुळे किती लेखांतील तुलना निरर्थक ठरल्या असतील, याचा हिशेब नाही.

अंगभूत ताणाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण विद्यार्थी त्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. निर्वातात बसलेला थर क्वचितच निवांत असतो. तो आक्रसू पाहतो किंवा फुगू पाहतो, आणि खालचा पदार्थ त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत साठलेली ऊर्जा ताणाच्या वर्गाच्या व थराच्या जाडीच्या प्रमाणात असते. ढोबळ हिशेब करून पाहा. १०० नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा थर, ताण १०० मेगापास्कल : ऊर्जा चौरस मीटरला जेमतेम एक-दीड शतांश ज्यूल. सांध्याला त्याचे काहीच ओझे नाही. आता एक मायक्रोमीटर जाडीचा क्रोमियम घ्या, ताण एक गिगापास्कल : ऊर्जा दोन ते चार ज्यूलच्या घरात जाते. असा थर हात न लावताही सोलून गुंडाळी होऊ शकतो. रसायन तेच, स्वच्छता तीच, केवळ जाडी वाढली, आणि ‘आसंजन बिघडले’ असा शेरा बसतो. बिघडले काहीच नव्हते. थराने स्वतःच स्वतःची चाचणी घेतली होती.

महाराष्ट्रात या धाग्याला धरून झालेले काम कोल्हापुरात सापडते. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील विजया पुरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेने बाष्प-खंडन नावाचे तंत्र अनेक पदार्थांवर वापरले. वाफ येणारा स्रोत आणि वरची पट्टी यांच्यामध्ये खाच पाडलेली चकती फिरत ठेवायची. त्यामुळे वाफेचा प्रवाह तुटक तुटक पोहोचतो. आलेल्या अणूंना पुढची लाट येईपर्यंत जागा शोधायला सवड मिळते. अशा थरांतील अंगभूत ताण आणि आसंजन, दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी मोजले, आणि खंडित वाफेने बसवलेले थर अधिक घट्ट असल्याचे नोंदवले. आसंजनासाठी त्यांनी थेट ओढण्याची पद्धत वापरली : थरावर छोटा दंडगोल चिकटवायचा आणि सरळ वर ओढून तो सुटताना लागलेले बल नोंदवायचे. महागडी यंत्रे हाताशी नसताना ताण व पकड यांची जोडी एकत्र पाहण्याची ही दृष्टी मला आकड्यांपेक्षाही मोलाची वाटते.

ओढण्याच्या पद्धतीचीही एक हद्द आहे, आणि सिरॅमिकच्या बाबतीत ती लवकर गाठली जाते. दंडगोल चिकटवायला वापरतात ते इपॉक्सी साधारण ७० ते ८० मेगापास्कलला स्वतःच तुटते. सांधा त्याहून बळकट असेल तर मोजले जाते ते गोंदाचे बळ. गोंद टिकला, तर सिरॅमिक ठिसूळ असल्यामुळे एखाद्या सूक्ष्म भेगेपासून तेच फुटते आणि दंडगोलाबरोबर खालचा ढलपा येतो. उरल्याच्या भट्टीतला तोच प्रकार. म्हणून तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओढ-चाचणीचा आकडा लिहू नये, असा या क्षेत्रातील जुना दंडक आहे. आकड्याशेजारी ‘सांध्यात सुटले’, ‘गोंदात सुटले’ की ‘सिरॅमिकमध्ये फुटले’ हे नसेल, तर तो आकडा कशाचा, हेच कळत नाही.

गोंदाची अडचण टाळण्याची सर्वांत चतुर युक्ती १९७८ च्या त्याच मित्तल-ग्रंथात जे. एल. व्हॉसेन यांनी मांडली. पट्टीच्या मागच्या बाजूवर लेसरचा अत्यंत अल्पकाळाचा झोत मारायचा. तेथून दाबाची लाट निघते, पट्टीतून धावत थराच्या मोकळ्या पृष्ठभागावर आदळते आणि परत फिरताना ताणाची लाट बनते. ती थराला आतून बाहेर उडवू पाहते. गोंद नाही, सुई नाही, स्पर्शही नाही. पुढे व्ही. गुप्ता, ए. एस. आर्गॉन आदींनी थराच्या पृष्ठभागाची हालचाल मोजून सांध्यावरचे प्रतिबल काढण्यापर्यंत ही पद्धत नेली. ती कारखान्यात मात्र फारशी पोहोचली नाही. उपकरण महाग आणि हाताळायला नाजूक.

कारखान्यात पोहोचली ती पुन्हा ओरखड्याचीच चाचणी, नव्या अवतारात. १९७० नंतर कापण्याच्या हत्यारांवर टायटॅनियम कार्बाइड, टायटॅनियम नायट्राइड असे कठीण थर चढू लागले. स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथील संशोधकांनी पोलादी सुईऐवजी रॉकवेल कठिनता-चाचणीतला हिरा घेतला : १२० अंशांचा शंकू, टोकाची त्रिज्या २०० मायक्रोमीटर. शेजारी ध्वनिसंवेदक बसवला. थर तडकला की बारीक कडकडाट होतो, आणि तो नोंदवला की डोळ्यांवर विसंबावे लागत नाही. २००५ साली सिरॅमिक लेपांच्या ओरखडा-चाचणीसाठी आयएसओ २०५०२ आणि एएसटीएम सी १६२४ ही प्रमाणके आली. त्यात वजन मिनिटाला १०० न्यूटन या वेगाने वाढवत हिरा मिनिटाला १० मिलिमीटर सरकवणे ही रूढ रीत आहे. म्हणजे ओरखड्याच्या प्रत्येक मिलिमीटरला १० न्यूटन. ओरखड्यावरची जागा मोजली की वजन कळते. पहिली भेग कोठे, पहिले सुटणे कोठे, हे वेगवेगळे नोंदवायचे. हिऱ्याच्या टोकाची झीज, थराची जाडी, खालच्या पदार्थाची कठिनता, घर्षण, यांपैकी काहीही बदलले की क्रांतिक वजन बदलते. म्हणून दोन वेगळ्या जाडीच्या लेपांचे क्रांतिक वजन समोरासमोर ठेवून ‘हा अधिक चिकट’ असा निवाडा देता येत नाही, हे प्रमाणकांच्या मागची मंडळी पक्के जाणून आहेत.

भारतातील दोन ठिकाणी हा प्रश्न प्रत्यक्ष जोखमीचा होतो. पहिले ठिकाण इलेक्ट्रॉनिकीचे. चांदी-पॅलेडियमची लुगदी जाळीतून ॲल्युमिनाच्या पट्टीवर छापून सुमारे ८५० अंश सेल्सिअसला भाजली की वाहक मार्ग तयार होतो. लुगदीतील काचेची भुकटी वितळून सिरॅमिकच्या कणांमधल्या फटींत शिरते आणि मुळे धरते. पुण्यात १९९० पासून सी-मेट ही संस्था अशा लुगद्यांवर व सिरॅमिक पट्ट्यांवर काम करते आहे. येथे चाचणी अशी : छापलेल्या लहान चौकोनावर कल्हई केलेली तांब्याची तार झाळायची, ती काटकोनात वळवून ओढायची. ताज्या नमुन्यात आकडा समाधानकारक येतो. खरी परीक्षा पुढे. नमुना १५० अंशांना शेकडो तास ठेवतात आणि पुन्हा ओढतात. झाळणातील कथील हळूहळू चांदीत पाझरते, सांध्यापर्यंत पोहोचते आणि पकड ढिली करते. कक्षेत गेलेल्या यंत्रातली तार सुटली तर पुन्हा झाळायला कोणी जाणार नाही. म्हणून ताज्या आकड्यावर तेथे कोणी समाधान मानत नाही.

दुसरे ठिकाण दुर्बिणीचे. आपल्याकडील मोठ्या दुर्बिणींचा इतिहास महाराष्ट्राला अपरिचित नाही, कावलूरच्या २.३ मीटर वेणू बाप्पू दुर्बिणीचा यांत्रिक सांगाडा वालचंदनगरच्या कारखान्यात घडला होता. त्यानंतरची मोठी झेप म्हणजे उत्तराखंडातील देवस्थळ येथील ३.६ मीटरची दुर्बीण, जी ३० मार्च २०१६ रोजी कार्यान्वित झाली. तिचा मुख्य आरसा झेरोडूरचा आहे. जर्मनीच्या शॉट कंपनीने १९६८ मध्ये घडवलेला हा काच-सिरॅमिक पदार्थ. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग सूक्ष्म स्फटिकांचा असतो, आणि तापमान बदलले तरी त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. आरसा लेपासाठी खाली न नेता तेथेच लेप देता यावा म्हणून दुर्बिणीपाशीच लेपनयंत्र उभारले गेले. आरशावर बसतो तो शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा ॲल्युमिनियम.

आता पेच पाहा. अशा आरशावर ओरखडा ओढता येत नाही, दंडगोल चिकटवता येत नाही, लेसरचा तर विचारही नको. म्हणून लेप देताना आरशाबरोबर पात्रात काचेचे छोटे तुकडे ठेवण्याचा प्रघात वेधशाळांमध्ये आहे. साक्षीदार म्हणावेत असे हे तुकडे तीच वाफ, तीच निर्वात पोकळी अनुभवतात आणि नंतर आरशाऐवजी स्वतः परीक्षेला बसतात. त्यांच्यावर लावली जाते ती बहुधा स्ट्रॉंग यांचीच चिकटपट्टी. आणि या कामाला ती पुरते, कारण येथे प्रश्न ‘किती’ हा नसून ‘आरसा नीट धुतला गेला होता का’ हाच आहे, जो १९३५ सालीही होता. साक्षीदार तुकडा आरशाइतक्याच काळजीने, त्याच हातांनी आणि त्याच द्रवाने धुतलेला असावा लागतो. तो अधिक चकाचक धुतला असेल तर त्याची साक्ष खोटी ठरते.

रायपूरमध्ये या विषयाला जागा आहे. तेथील आजच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सप्टेंबर १९५६ मध्ये बसली, तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. संस्था सुरू झाली ती खाणकाम व धातुशास्त्र या दोन विषयांचे महाविद्यालय म्हणून. धातुशास्त्राचा विद्यार्थी आणि उरल्यातील भट्टी यांच्यात फार अंतर नाही. अस्तराचा निघालेला ढलपा उचलून त्याची कड भिंगाखाली धरली, तर तुटण्याची रेषा स्लॅगमधून गेली, सांध्यातून गेली की सिलिकातून गेली, हे अर्ध्या तासात सांगता येते. त्यासाठी हिरा लागत नाही, लेसर लागत नाही. लागते ते मोडलेली बाजू खाली न ठेवता वर ठेवून नमुना जपण्याची सवय.